केप बफेलोसाठी (आफ्रिकेतला रानटी बफेलो) ३७५ रायफल घ्यावी का ४५८? ज्यांनी चालवलीय त्यांनी सांगा

औसेकर_झांबियात:

राम राम मंडळी. मी औसा तालुक्यातला, सात वर्षं झाली झांबियात उसाच्या फार्मवर ॲग्रॉनॉमिस्ट आहे, मझाबुकाच्या बाजूला. ओळखीचा एक प्रोफेशनल हंटर आहे, इथं सगळे त्याला पीएच म्हणतात, त्याच्यासोबत ऑगस्टात लुआंग्वा खोऱ्यात जायचं ठरतंय. एका म्हाताऱ्या नर बफेलोचं लायसन आहे, कळपातून बाहेर पडलेला, सगळं कागदोपत्री रीतसर, मांस तिथल्या गावाला जाणार. पीएच माझ्या बाजूला उभा राहील पण पहिला बार माझा.

रायफल माझ्याकडं नाही, त्याच्याकडचीच भाड्यानं घ्यायची. दोन आहेत. एक ३७५ एच अँड एच मॅग्नम, बोल्ट ॲक्शन, वर छोटी दुर्बीण बसवलेली. दुसरी ४५८ विंचेस्टर मॅग्नम, तीपण बोल्टच, नुसती लोखंडी साइट. त्याची स्वतःची ४७० नायट्रो एक्सप्रेस दुनळी आहे, ती तो कुणाच्या हातात देत नाही. ३७५ च्या खालचं चालणार नाही हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, वर म्हणला या दोन्हीतली कुठली ते तू ठरव, मे महिन्यात रेंजवर ये आणि दोन्ही उडवून बघ.

माझा अनुभव सांगतो म्हणजे उत्तर देणाऱ्याला अंदाज येईल. गावाकडं वडिलांच्या पीकसंरक्षणाच्या लायसनवर रिटेनर म्हणून, म्हणजे त्यांच्यावतीनं बंदूक बाळगणारा म्हणून, माझं नाव होतं. आजोबांच्या वेळची बारा बोअर दुनळी आणि नंतर घेतलेली ३१५ बोअर. वनखात्याची परवानगी काढून उसातली दोन रानडुकरं मारलीत, दोन्ही ३१५ नं, चाळीस-पन्नास पावलांवरून. त्याच्यापलीकडं काही नाही. वजन ६१ किलो, अंगानं बारीकच.

मामा म्हणतात मोठी घे, जनावर मोठं तर काडतूस मोठं, सरळ हिशोब. चुलतभाऊ म्हणतो जिम कॉर्बेटनं २७५ रिग्बीनं नरभक्षक मारले, तुला ३७५ पण जास्तच होते. नेटवर वाचायला बसलं की डोकं भणभणतंय, एक म्हणतो ३७५ नं सगळ्या आफ्रिकेतली जनावरं मारता येतात, त्याच्या खालचाच म्हणतो ४५८ पेक्षा लहान घेऊन जाणारा जीवावर उदार झालाय.

खरं सांगू का, मला स्वतःची तेवढी भीती नाही, शेजारी पीएच आहे, त्याला पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. मला भीती आहे ती जनावर जखमी होऊन गवतात शिरायची. लहानपणी आमच्या आखाड्यावर एक डुक्कर छर्रे खाऊन उसात शिरलं होतं, रात्रभर त्याचा आवाज येत होता, वडील सकाळपर्यंत जेवले नाहीत आणि दिवस उगवल्यावर स्वतः आत जाऊन त्याचा जीव सोडवून आले. तो आवाज अजून कानातून जात नाही. तसं माझ्या हातून होऊ नये एवढंच. म्हणून विचारायलोय, कुठली घेऊ आणि का?


बालाघाट_पाटोदा:

औसेकर, तुमच्या शेवटच्या चार ओळी वाचल्या आणि लिहायला बसलो. मी पाटोद्याचा, पण अठरा वर्षं टांझानियात शिन्यांगाकडं कापसाच्या जिनिंगमध्ये काढली, आता गावी परत आलोय. तिथं रहिवासी लायसनवर चार बफेलो मारले, तीन ३७५ नं आणि एक ४५८ नं. त्या एकाचीच गोष्ट आधी सांगतो.

माझी ३७५ त्या वर्षी दुरुस्तीला होती म्हणून मित्राची ४५८ घेतली. रेंजवर मोजून सहा बार काढले, म्हणलं झालं, एवढं काय. तबोराच्या पश्चिमेला मियोंबोच्या जंगलात सकाळी नऊला नर सापडला, साठ पावलं, बाजू दिलेली, यापेक्षा सोपं काही मिळत नाही. आणि मी बार काढला तो डोळे मिटून. मला ते तेव्हा कळलंच नाही, ट्रॅकरनं नंतर सांगितलं की साहेब तुमचा गाल बार निघायच्या आधीच दस्त्यावरून उठला होता. गोळी वीतभर मागं गेली. दुसरा बार काढेपर्यंत तो झाडीत. खरं तर काढलाच नाही, रायफल खांद्यावरून खाली घेऊन बोल्ट ओढत बसलो होतो.

रक्त काळपट, त्यात बारीक हिरवं गवत. ट्रॅकरनं ते बोटावर घेऊन माझ्यासमोर धरलं, बोलला काही नाही. फुफ्फुसाला लागलं असतं तर रक्त गुलाबी आणि फेसाळ असतं, दोन-तीनशे पावलांत काम संपलं असतं. हिरवं म्हणजे पोट. पाच तास आम्ही त्याच्या मागं होतो, शेवटी तो स्वतःच्या वाटेला वळसा घालून वाटेकडंच तोंड करून गवतात उभा राहिलेला सापडला. बफेलो असं करतो. आमचा पीएच सावध होता म्हणून मी आज हे लिहायलोय. पण त्या जनावराचे पाच तास माझ्या नावावर आहेत, ते कुठं जात नाहीत.

आता तुमच्या प्रश्नावर येतो. ३७५ एच अँड एच १९१२ साली आली, म्हणजे शंभरी ओलांडून गेली आणि अजून बहुतेक आफ्रिकी देशांत धोकादायक जनावरासाठी तीच किमान मर्यादा धरतात, एखाद्या ठिकाणी ९.३ बाय ६२ माउझरला सूट असते, तीपण १९०५ ची. ३७५ मध्ये ३०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण २५०० फुटांनी जाते, ताकद धरा ४२०० फूट-पाउंडांच्या आसपास. ४५८ विन मॅग १९५६ ची, ५०० ग्रेनची गोळी २१०० च्या जरा आत-बाहेर. तुमची ३१५ म्हणजे २४४ ग्रेनची मऊ गोळी आणि ताकद ३७५ च्या निम्मी. कागदावर ४५८ पुढं आहे हे खरंच आहे. तिच्या गोळीचं तोंड रुंद, वजन जास्त, हत्तीसमोर दहा पावलांवर मला कुणी विचारलं तर मी ४५८ नाहीतर त्याच्याही वरचं मागीन.

पण धक्का बघा. सारख्या वजनाच्या रायफलीत ३०-०६ चा (हरणासारख्या शिकारीचं नेहमीचं काडतूस) धक्का एक धरला तर ३७५ चा दोन आणि ४५८ चा तीन. ३१५ चालवलेल्या माणसाला ३७५ दहा-पंधरा दिवसांत अंगवळणी पडते, ४५८ ला वर्ष लागतं, काहींना जमतच नाही आणि त्यात कमीपणा काही नाही. वाईट हे की धक्क्याची भीती पहिल्या बाराला दिसत नाही. पहिला बार माणूस कसाही काढतो. ती दुसऱ्या आणि तिसऱ्याला दिसते, आणि बफेलोला दुसरा बार लागतोच असं धरून चालायचं. पहिला कितीही चांगला बसला तरी तो उभा असेपर्यंत बार काढत राहायचे. म्हणून मी काडतूस निवडताना एकच बघतो, कुठल्या रायफलीनं माझा दुसरा बार पहिल्याइतकाच जागेवर आणि झटक्यात जातो. तुमच्यासाठी ती ३७५ आहे, यात मला शंका नाही.

कॉर्बेटचं म्हणाल तर तुमच्या भावाला सांगा की त्याच्याकडं ४५०/४०० ची दुनळी पण होती. आणि वाघ-बिबट्या पातळ कातडीचे. रुद्रप्रयागचा बिबट्या, जो त्यानं १९२६ ला मारला, तो किती किलोचा असणार, बफेलोचा नर सात-आठशे किलोचा भरतो. बेल नावाच्या माणसानं ७ बाय ५७ नं शेकड्यानं हत्ती मारले हेही कुणीतरी सांगेल, ते खरं आहे, पण तो सॉलिड गोळीनं मेंदूत मारायचा आणि हत्तीच्या डोक्याची रचना त्यानं कवट्या चिरून अभ्यासली होती.

गोळीबद्दल उद्या लिहितो, आता लाइट गेली.


किनवटकर:

बालाघाट दादांनी दुसऱ्या बाराचं लिवलं ते एकदम बरोबर हाय. माझा अनुभव आफ्रिकेचा नाही, आमच्या किनवटचाच हाय पण सांगतो, पटलं तर घ्या.

आमच्याकडं माहूर-किनवट पट्ट्यात जंगल हाय, डुकरं लै. सोयाबीन, तूर, मका, काही ठिवत नाहीत. परवानगी काढून गावातला एक लायसनवाला बसला होता, सोबत मी आणि अजून दोघं. त्याच्याकडं बारा बोअर सिंगल नळी आणि एलजी काडतूस. एलजी म्हणजे एका काडतुसात सहा मोठे छर्रे. पंचवीस-तीस पावलांपर्यंत ते एकजागी जातात, त्याच्यापुढं पसरतात. नर डुक्कर आलं तुरीच्या काठानं, चांगलं दोन मणाच्या वर, आणि ह्यानं पन्नास पावलांवरून बार काढला. मी म्हणलो होतो थांब, येऊ दे. दोन छर्रे लागले, एक मागच्या मांडीत आणि एक पोटात.

सिंगल नळी मोडून, रिकामी टरफल काढून, खिशातून दुसरं काडतूस काढून भरायचं म्हणजे किती वेळ लागतोय ते तुमीच बघा. काडतूस जॅकेटच्या आतल्या खिशात, वरून चेन लावलेली, थंडीत बोटं बधिर. डुकरानं तेवढ्यात पन्नास पावलं तोडली. आमच्यातल्या एकाच्या मांडीत सुळा गेला गुडघ्याच्या वर, असं फाडलं की आतलं पांढरं दिसत होतं. धोतराची पट्टी आवळून मोटरसायकलवर दोघांच्या मधी बसवून आणलं. वाचला, पण अजून तो पाय टेकवताना आधी बघतो आणि मग टेकवतो. डुक्कर तिसऱ्या दिवशी नाल्यात मेलेलं सापडलं, वासावरून.

तवापासून मी एवढंच शिकलो की दुसरं काडतूस नळीत पाहिजे, नाहीतर निदान बोटांत पाहिजे. औसेकर, तुमच्या रायफलीत मॅगझिन हाय, पण ती भरलेली हाय का ते आपल्या डोळ्यानं बघत जा, दुसऱ्यानं सांगितलं म्हणून नाही.


डॉ_परभणी:

मी जनावरांची डॉक्टर, परभणीच्या व्हेटरनरी कॉलेजची. आधीच सांगते, मी असं जनावर मारायला गेले नसते. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद आहे, आणि ती बंद आहे याचा मला आनंद आहे. तिथला कायदा वेगळा, तिथल्या गावांचं गणित वेगळं, ते तुम्ही बघून घ्या. पण तुम्ही जाणारच आहात आणि जनावराला त्रास होऊ नये असं मनापासून म्हणताय, तर मला जे येतं ते सांगते. कुठली रायफल ते मला कळत नाही, कुठं लागली पाहिजे ते कळतं.

गाई-म्हशीच्या वर्गात हृदय लोक समजतात त्यापेक्षा पुढं आणि खाली असतं, साधारण तिसऱ्या ते सहाव्या बरगडीमध्ये, म्हणजे जवळजवळ पुढच्या पायाच्या आडच. बाजूनं बघताना बहुतेकांची नजर पोटाच्या मध्याकडं जाते कारण तेवढंच मोठं दिसतं. पुढच्या पायाची मागची कड धरा, तिथून छातीच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांशावर या. तिथं हृदयाचा वरचा भाग आणि त्याच्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. थोडं वर गेलं तरी फुफ्फुस आहे.

मागं गेलं की काय होतं ते बालाघाट यांनी लिहिलंच आहे, त्याचं कारण सांगते. छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या मागं डाव्या बाजूला सगळं रुमेन, म्हणजे पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, असतं. मोठ्या गाईचं रुमेन शंभर लिटरच्या वर भरतं, आणि ते ओल्या, चावलेल्या गवतानं गच्च असतं. मी पोटफुगीच्या ऑपरेशनमध्ये कोपरापर्यंत हात घातलेला आहे त्यात, भिजलेल्या कडब्याच्या गंजीत हात घालावा तसं लागतं. कसलीही गोळी त्यात अडकेल आणि जनावर लगेच मरणार नाही, तासन्‌तास मरणार नाही. डावी बाजू मिळाली आणि जनावर जरा जरी तुमच्याकडं तिरकं उभं असेल तर कृपा करून थांबा.

आणखी एक. आपल्या गोठ्यातल्या म्हशीवरून अंदाज बांधू नका. आफ्रिकेतल्या बफेलोचं कूळ वेगळं, आपल्या म्हशीशी त्याचा संकरसुद्धा होत नाही. मान आखूड, खांदा जड, कातडी मानेवर आणि खांद्यावर फार जाड.


बालाघाट_पाटोदा:

डॉक्टर ताई, तुमचे उपकार. ही माहिती मला २००४ साली कुणी दिली असती तर पाच तास वाचले असते. औसेकर, ताईंची पोस्ट प्रिंट काढून खिशात ठेवा.

राहिलेलं गोळीचं. लोक काडतुसाच्या नावावर भांडतात, पण जनावराला नाव लागत नाही, काडतुसाच्या तोंडाशी बसवलेली गोळी लागते. दोन जाती समजून घ्या. सॉफ्ट म्हणजे लागल्यावर तोंड उमलतं, छत्रीसारखं, जखम रुंद होते. सॉलिड म्हणजे अजिबात उमलत नाही, पितळ किंवा तांबं सरळ हाडं फोडत जातं. हरणासाठीची साधी सॉफ्ट गोळी बफेलोच्या खांद्यावर लागली तर वरच फुटून बसते, आत जातच नाही. म्हणून जाड कवचाची, शिसं कवचाला चिकटवलेली बॉन्डेड सॉफ्ट, नाहीतर अख्खी तांब्याची उमलणारी गोळी मागा. पीएचला थेट विचारा, डबीवर काय लिहिलंय त्याचा फोटो मागवा. ३७५ मध्ये चांगली गोळी असली तर ती ४५८ मधल्या स्वस्त गोळीपेक्षा खोल जाते, हे मी मांस सोलताना हातानं चाचपून बघितलंय. उजव्या खांद्यातून शिरलेली ३०० ग्रेनची गोळी पलीकडच्या कातडीखाली सापडली, सुपारीएवढा फुगा आला होता, चिरल्यावर ती उमललेली गोळी बाहेर पडली. धुवून वजन केलं तर थोडंच कमी भरलं.

पहिली सॉफ्ट, त्याच्या खाली सगळ्या सॉलिड. पहिली सॉफ्ट का, तर सॉलिड आरपार जाऊन मागच्या दुसऱ्या जनावराला लागू शकते. खालच्या सॉलिड का, तर पहिल्या बारानंतर तो पाठ करून पळत असतो नाहीतर तोंड करून येत असतो, दोन्ही वेळेला खोल जाणारीच पाहिजे.

आणि बोल्ट. ३७५ चं काडतूस लांब आहे, टोकापासून बुडापर्यंत ३.६ इंच, म्हणजे बोल्टचा पल्ला पण लांब. घाबरलेला माणूस बोल्ट अर्धाच ओढतो, टरफल बाहेर पडत नाही आणि नवीन काडतूस त्यात जाऊन अडकतं. रिकामी रायफल घेऊन, आत काही नाही हे दोनदा बघून, खांद्यावरून खाली न घेता बोल्ट पार मागं, पार पुढं, असं रोज संध्याकाळी पन्नास वेळा करा. त्याच्यात डमी काडतूस घातलं तर अजून चांगलं.


आंबेजोगाईकर:

मुलांनो, मी सत्तरीच्या पुढचा, टायपिंग नातू करून देतोय. माझे आजोबा निजामाच्या राज्यात एका जहागीरदारांकडं बंदूक धरायच्या कामावर होते. म्हणजे साहेब पुढं, आणि आजोबा त्यांच्या डाव्या हाताला दुसरी भरलेली रायफल घेऊन. हाका सुटला की जहागीरदार मचाणावर आणि आजोबा त्यांच्या मागं गुडघ्यावर. पोलीस ॲक्शन झालं १९४८ ला, जहागिऱ्या गेल्या, रायफली गेल्या. आमच्या देव्हाऱ्यात त्यातलं एक रिकामं पितळी टरफल आहे, माझ्या करंगळीपेक्षा लांब, बुडाला रिम आहे, त्यात आई उदबत्ती खोचायची. बुडावरची अक्षरं घासून घासून गेलीत, पण आजोबा त्याला नायट्रोचं काडतूस म्हणायचे.

तुमचा पीएच ४७० ची दुनळी कुणाला देत नाही त्यामागं कारण आहे. आणि ४७० ही बोअर जगभर गाजली त्यात आपल्या देशाचाही हात आहे, हे फार कुणाला माहीत नसतं. त्या काळी मोठ्या शिकारीला ४५० नायट्रो चालायची. पण इंग्रजांच्या जुन्या मार्टिनी-हेन्री फौजी बंदुकीपण ४५० च्या, आणि तसलं काडतूस किंवा गोळी बंडखोरांच्या हाती पडेल अशी त्यांना धास्ती होती. म्हणून १९०७ च्या सुमाराला हिंदुस्थानात आणि सुदानात ४५० बोअरवर बंदी आली. लंडनच्या बंदूकवाल्यांनी मग बंदीच्या बाहेरच्या बोअर पुढं आणल्या, ४६५, ४७०, ४७५, ताकद तीच, आकडा वेगळा. आपल्या ३१५ चीपण गोष्ट तशीच, ३०३ फौजी म्हणून नागरिकाला बंद, तर नागरिकासाठी ३१५. कायद्यानं काडतूस जन्माला घातलं.

त्या काडतुसांची टरफलं एवढी मोठी का? आत कॉर्डाइट दारू असायची आणि ती उन्हाला फार हळवी, गरम झाली की दाब वाढतो, टरफल नळीत अडकून बसतं. वाघासमोर अडकलं तर काय करणार. म्हणून मोठं टरफल, आत दाब कमी. आजोबा सांगायचे की एप्रिल-मेच्या हाक्याला काडतुसांची पिशवी ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवायची त्यांना सक्त ताकीद होती. आजची दारू बरीच सुधारलेली आहे तरी औसेकर, काडतुसं गाडीच्या पुढच्या काचेजवळ उन्हात ठेवू नकोस.

आणि दुनळीचा गुण म्हणाल तर हे सगळे जे दुसऱ्या बाराचं सांगतायत तोच. दोन नळ्या, दोन घोडे, दोन स्वतंत्र कळा. एक फुसकी निघाली तर दुसरी तयार, बोल्ट ओढायचा नाही, गाल हलवायचा नाही. पण दोनानंतर काय, हाही प्रश्न आहेच, आणि म्हणून आजोबांची नोकरी होती. तुझ्या बाजूला तुझा पीएच ती दुनळी घेऊन उभा आहे, तेव्हा तू तुझ्या अंगाला पेलेल तीच घे, बाळा.


औसेकर_झांबियात:

सगळ्यांचे आभार, आबा तुमचे विशेष. उशिरा लिहायलोय कारण रेंजवर जाऊन आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

परवा गेलो. पीएचनं आधी ३७५ दिली, टेबलावरून नाही, तीन पायांच्या काठ्या उभ्या करून त्यावर टेकवून, उभ्यानं. पन्नास मीटरवर कागदाची जेवणाची प्लेट. पाच बार काढले, चार प्लेटमध्ये, एक काठावर. दुर्बीण डोळ्यापासून लांब ठेव, नाहीतर भुवई फोडते असं त्यानं सांगितलं होतं. धक्का आहे, पण ढकलल्यासारखा, मागं रेटत नेतो.

मग ४५८. पहिला बार प्लेटच्या मधोमध. मी खरंच खूश झालो, मामांचं बरोबर निघालं असं वाटलं. दुसरा प्लेटच्या डाव्या काठाला. तिसऱ्याला पीएचनं माझ्याकडं न बघता रायफल भरून दिली, मी नेम धरला, कळ दाबली, आणि नुसतं टक वाजलं. आत डमी होतं. आणि बार निघालाच नाही तरी माझी नळी अशी खाली गेली होती की समोरच्या मातीत बघत होती. गाल उठलेला, डोळे मिटलेले. बालाघाट दादा, अगदी तुम्ही लिहिलं होतं तसं. पीएचनं रायफल हातातून घेतली आणि म्हणला, आता सांग.

३७५ नक्की केली. डबीचा फोटो मागवला, बॉन्डेड सॉफ्ट आहे ३०० ग्रेन आणि त्याच वजनाच्या सॉलिड. डॉक्टर ताईंची पोस्ट प्रिंट काढून त्यालापण समजावून सांगितली, तो म्हणला या बाईंना इकडं पाठवा, नवीन पोरांना शिकवायला. काल मामांना फोनवर सांगितलं, ते जरा नाराज झाले पण तिसऱ्या बाराचं सांगितल्यावर गप्प बसले आणि मग म्हणले, बरं झालं रेंजवरच कळलं.

एक शेवटचं विचारतो. तिथं एका बैठकीत किती बार काढावेत सरावाला? जास्त काढले तर ३७५ ची पण भीती बसंल का?


बालाघाट_पाटोदा:

बसते. एका वेळी सात-आठच्या वर जाऊ नका, आणि मधी एखादं डमी कुणालातरी लपवून भरायला सांगा, तुम्हाला कळता कामा नये. रोजच्या सरावाला २२ ची रायफल मिळाली तर उत्तम, काठ्यांवर उभं राहायची सवय तीच. बाकी बोल्टची पन्नासी चुकवू नका. आणि कानाला मफ, त्याच्या आत फोमचे इअरप्लग पण, बार ऐकूनच निम्मी माणसं दचकतात.


किनवटकर:

आणि खिशाची चेन उघडी ठिवा.